गाळलेलं वाक्य

"मघाशी ते सगळे हसले. कशाला?" आईने हातांनी विचारलं.

सभागृहाबाहेरच्या अरुंद बोळात, पिण्याच्या पाण्याच्या नळाशी दोघी उभ्या होत्या. मुलगी खुणांच्या भाषेची दुभाषी. आत सदस्य जे बोलत ते ती प्रेक्षकांच्या सज्जात बसलेल्या कर्णबधिर मंडळींना हातांनी सांगत होती, आणि त्या मंडळींत पहिल्याच रांगेत तिची आई होती. आत्ता तिचा जोडीदार दुभाषी काम सांभाळत होता, म्हणून तिला ही घटकाभर सुटका मिळाली होती. सुटका कसली, आई मागोमाग बाहेर आली होती.

"काही नाही गं. मंत्र्यांचा चष्मा घसरला."

"चष्मा तर त्याचा सकाळपासून घसरतोय. तेव्हा कुणी नाही हसलं."

आईला थापा मारणं तसं कधीच सोपं नव्हतं, पण आजची चूक फारच बाळबोध होती. मुलीने मंत्र्यांचं कर्णबधिरांची थट्टा करणारं एक वाक्य गाळलं होतं. वाक्य गाळता येतं, हशा कसा गाळणार? सज्जातल्या मंडळींना समोर भरलेलं सभागृह दात काढून हसताना दिसत होतं, आणि दुभाषीचे हात मात्र कुठल्या तरी पोटकलमात अडकून पडले होते.

विधेयकाचं नाव मोठं गोंडस होतं. त्यात 'संरक्षण' हा शब्द दोनदा आला होता. कर्णबधिरांना लोक फसवतात, तेव्हा पुढच्या महिन्यापासून करार असो, बँकेचं काम असो की ऑपरेशन, त्यांच्या सहीसोबत ऐकू येणाऱ्या एका नातेवाइकाची सही हवी. त्या नातेवाइकाला कायद्यात 'पालक' म्हटलं होतं. लोक फसवतात हे काही खोटं नव्हतं. पण फसवणाऱ्याला धरायचं सोडून फसलेल्याचेच हात कशाला बांधता, असं विरोधी बाकांवरची एक बाई घसा फोडून विचारत होती. तिचा घसा बसला तरी उत्तर आलं नव्हतं.

आईचं शिवणकामाचं दुकान होतं. जागेचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. आजवरच्या प्रत्येक करारावर तिची एकटीची सही होती, मुलीचे वडील होते तेव्हासुद्धा.

"म्हणजे तू माझी पालक," सकाळी निघताना ती म्हणाली होती. "मला शाळेत घालणार का? डबा कोण भरून देणार?" आणि स्वतःच हसली होती. मुलीला हसू आलं नव्हतं.

"खरं सांग," आता आईने विचारलं. "काय म्हणाला तो?"

"असंच काहीतरी. तुझ्या कामाचं नव्हतं."

आईने जुनी गोष्ट काढली. "आपल्याला राहायला जागा हवी होती तेव्हा तो घरमालक माझ्याकडे बघून किती वेळ बोलत होता. बहिऱ्यांना जागा द्यायची नाही, असं म्हणत होता तो. तू मला सांगितलंस, जास्त भाडं मागतोय. मी आपली भाडं वाढवून द्यायला निघाले, तर तो आणखीच भडकला."

"आई, मी सहा वर्षांची होते."

"हो ना. तेव्हा सहा वर्षांची होतीस."

मुलीला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. हात तर दुखत होतेच. पण जन्मभर लोकांचे शब्द निवडून, खडे काढून आईपुढे ठेवायचे, हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईला ते हवं होतं का, हेही तिने कधी विचारलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि राग धरायचंही त्राण नव्हतं.

सज्जाच्या दाराशी उभा असलेला रखवालदार जवळ आला. "बाई, यांना आत बसायला सांगा. आणि तिथे हात हलवू नका म्हणावं. हातवारे केले की निदर्शनं धरतात."

"अहो, ते त्यांचं बोलणं आहे."

"कळतंय हो मला. पण सज्जात बोलायलाही बंदीच आहे ना."

मुलीने हे मात्र आईला जसंच्या तसं सांगितलं. आईला गंमत वाटली. "म्हणजे आमचं बोलणं हे बोलणं आहे, एवढं तरी याला मान्य आहे," ती म्हणाली. मग गंभीर झाली. "आता काही गाळू नकोस. माझ्याबद्दल बोलतायत. मला कळू तरी दे."

मुलगी आत जाऊन जागेवर उभी राहिली तेव्हा मंत्री शेवटचं उत्तर द्यायला उठत होते. दुभाषीचा नियम असा, की बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं.

"माझी थोरली बहीण अशीच होती," मंत्री म्हणाले. "ताटात पडेल ते खायची, देऊ ते कपडे घालायची. कधी तक्रार नाही. आता करणार तरी कुठून म्हणा."

सभागृह हसलं. या वेळी का हसलं ते सज्जाला कळलं. तिथे कुणी हसलं नाही.

"शेवटपर्यंत मीच सांभाळलं तिला." मंत्र्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. हातांच्या भाषेत आवाज चेहऱ्यावर आणावा लागतो. मुलीने तोही आणला.

"ही माणसं लेकरांसारखी असतात."

'ही' म्हणायचं तर बोट दाखवावं लागतं. आणि ती माणसं समोरच बसलेली असताना बोट दुसरीकडे वळवता येत नाही. मुलीने सज्जाकडे, पहिल्या रांगेकडे बोट दाखवलं.

"त्यांना स्वतःचं भलं कळत नाही. मला कळतं. सही मी करीन."

आईच्या शेजारच्या म्हाताऱ्याने मान खाली घातली. आईने घातली नाही. हात मांडीवर ठेवून ती मुलीच्या हातांकडे बघत राहिली, शेवटचा शब्द पुरा होईपर्यंत.

मग 'होय'चा मोठा गलका झाला, 'नाही'चा लहान. मुलीने दोन्ही सांगितले, आणि विधेयक मंजूर झाल्याचंही सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर आई तिची वाट बघत थांबली होती. "रडला होता का तो?" तिने विचारलं.

"रडला नाही. पण भरून आलं होतं त्याला, खरंच."

"बहिणीला कधी विचारलं नसेल त्याने." आईने पदपथावरून नजर फिरवली. मग तिचे हात जरा सावकाश उठले. "दुकानाचा करार आहे पुढच्या महिन्यात. तुला वेळ होईल का सही करायला?"

आजवर आईने तिला कशासाठी असं अदबीने विचारलं नव्हतं.

"होईल," मुलगी म्हणाली.

"जागामालक जे बोलेल ते सगळं सांगायचं."

"सगळं."

आई पायऱ्या उतरून चालू लागली. मुलीला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण आईला मागून हाक मारता येत नाही, पळत पुढे जाऊन तिच्यासमोर उभं राहावं लागतं. आज तिच्या पुढे जायला मुलीचे पाय धजेनात. ती मागूनच चालत राहिली.