हनुवटीवरचा हात

विजयमालाबाई धुमाळांचा फोटो काढून झाला आणि त्यांचा उजवा हात हनुवटीवरच राहिला.

मृण्मयीने कॅमेरा पिशवीत घातला, दिवा विझवला, स्टँड मिटला. बाई तशाच बसून होत्या. अंगठा हनुवटीखाली, तर्जनी गालावर.

"झालं हं बाई. हात काढा आता."

"मघापासून काढतेय. येत नाहीये."

मृण्मयीने त्यांचं मनगट धरून ओढलं. हाताबरोबर मान आली, मानेबरोबर बाई आल्या आणि बाईंबरोबर खुर्चीही चार बोटं पुढे सरकली. हात होता तिथेच.

"ओढू नकोस गं! मुळा उपटतेयस का?"

खरं तर मृण्मयीने घाबरायला हवं होतं, पण तिला वैतागच आला. बाईंचा फोटो स्कूटरवर काढू, असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. एकोणीस वर्षांत नाशकातल्या तीन हजार बायकांना स्कूटर शिकवलेली बाई खुर्चीत बसून शून्यात कशाला बघेल? पण वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत 'आपल्यातले' नावाचं सदर होतं आणि त्यात बावीस वर्षं प्रत्येकाचा हात हनुवटीवर होता. कवीचा होता, न्यायाधीशांचा होता, पोहण्याच्या शिक्षकाचासुद्धा होता, तोही ओल्या चड्डीवर. "माणूस विचार करताना दिसला पाहिजे," असं पुरवणीचे संपादक अत्रावलकर सर म्हणायचे. मृण्मयीने स्कूटरचं सुचवलं तेव्हा ते म्हणाले होते, "हँडल कॉलमात मावत नाही."

"पाच वाजता माझी बॅच पहिल्यांदा मेन रोडला निघतेय," बाई म्हणाल्या. "अकरा बायका. तीन महिने मैदानात गोल गोल फिरल्यात. मी पुढे असले तरच चौक ओलांडतील, नाहीतर घरी जातील त्या आणि पुन्हा गाडीला हात लावणार नाहीत. ॲक्सिलरेटर कुठल्या हातात असतो?"

"उजव्या."

"मग?"

मृण्मयीने सरांना फोन लावला.

"सर, बाईंचा हात निघत नाहीये."

"छापून आलं की निघतो."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांचंच तसं होतं. तू फोटो काढून लगेच निघून येतेस, म्हणून तुला माहीत नाही."

"रविवारी छापताय ना?"

"या रविवारी गाद्यांची जाहिरात आहे. पानभर. बघू पुढे."

फोन ठेवला गेला. मृण्मयीने बाईंना स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवलं आणि ऑफिसकडे निघाली. बाई सगळा रस्ता एका हाताने तिचा खांदा धरून बोलत होत्या. "वळताना मान फिरव. इंडिकेटर कोण देणार, मी? मला हात नाहीये." सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बाईंकडे बघून हळूच म्हणाला, "मावशी, नका एवढं मनाला लावून घेऊ. होईल सगळं नीट."

"तू क्लच सांभाळ," बाई म्हणाल्या.

ऑफिसच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर सहा जण बसले होते. सहाही जणांचे हात हनुवटीवर. फार गहन परिसंवाद चालू असावा असं वाटत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. त्यातल्या चौघांना मृण्मयीने ओळखलं. चौघांचे फोटो तिनेच काढले होते, "थँक यू हं" म्हणून जिना उतरली होती आणि मागे वळून बघितलं नव्हतं.

"फेब्रुवारीपासून बसलोय," त्यातले दंतवैद्य म्हणाले. "पेशंट इथेच येतात. मी नुसतं बघतो आणि चूळ भरा म्हणतो."

"मला काही त्रास नाही," कवी म्हणाले. "मी आधीही असाच बसायचो."

बाई बसायला गेल्या तेवढ्यात सोफा एका माणसाच्या जागेएवढा लांबला. त्याच्यामागची भिंतही तेवढी सरकली, मुकाट्याने. बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"मी नाही बसणार," त्या म्हणाल्या. "इथे बसलं की बसलंच. साडेचार वाजलेत, मुली. तू केलंस हे, तू निस्तर."

मृण्मयी केबिनमध्ये घुसली. अत्रावलकर सर दोन्ही मोकळ्या हातांनी सफरचंद कापत होते.

"सर, आजच्या आज सोडवायचा हात."

"नाही गं सुटत. पानावर जागा धरलेली असते. छापून येईपर्यंत हनुवटी रिकामी ठेवता येत नाही, तिला हात लागतो."

"कोणाचा?"

सरांची सुरी थांबली. बावीस वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसावं. "तसं काही ठरलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

मृण्मयी बाहेर आली. फोटोतला हात उजवा होता, म्हणजे लागणारही उजवाच. कॅमेऱ्याचं बटण उजव्या बाजूला असतं, डाव्या हाताचा कॅमेरा तिने कुठल्याच दुकानात बघितला नव्हता. "काय वैताग आहे!" ती मोठ्याने म्हणाली आणि आपला उजवा हात बाईंच्या हनुवटीखाली सारला. हनुवटी गरम होती. बाईंचा हात सुटून खाली लोंबला. त्यांनी बोटं उघडली, मिटली, हवेत एकदा ॲक्सिलरेटर पिळून बघितला. मृण्मयीने आपला हात ओढून बघितला. बाईंची मान पुढे आली.

"पुरे," बाई म्हणाल्या. "माझ्या मागे बस. आता गाडी मी चालवणार."

मैदानावर अकरा बायका हेल्मेट घालून रांगेत उभ्या होत्या.

"बाई, ह्या कोण?" सगळ्यांत पुढच्या अफरोजने विचारलं.

"फोटोवाली. तिच्याकडे लक्ष देऊ नका. रस्त्यावर घाबरायचं नाही, विचारत बसायचं नाही. मी करीन तेच करायचं."

अकरा गाड्या एका दमात सुरू झाल्या. मैदानाच्या फाटकातून एकेक बाहेर पडली. एकही मागे राहिली नाही. मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. बाईंनी झेब्राच्या अलीकडे सरळ रेषेत गाडी लावली. मृण्मयीचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे गेला होता, कोपर आभाळात, कानाशी बाईंचं हेल्मेट. तिने आरशात बघितलं. अकरा चेहरे एका रांगेत, तिरप्या उन्हात, घामाने चमकत होते. एवढी चांगली फ्रेम तिला आयुष्यात मिळाली नव्हती. गळ्यात अडकवलेल्या पिशवीतला कॅमेरा तिच्या आणि बाईंच्या पाठीच्या मध्ये चेपला गेला होता.

आरशात अफरोज बाईंच्या हनुवटीकडे नीट निरखून बघत होती. मग तिने डावा हात हँडलवरून उचलला. तिच्या मागच्या बाईने उचलला. तिच्या मागच्या बाईने उचलला. अकरा हात हनुवट्यांना लागले आणि सिग्नल हिरवा झाला.