पलीकडचा वासिफ

"आम्मी, एवढी फुडं नको बसू. तिकडं तुजं निस्तं कपाळच दिसंल," मिस्बाह म्हणाली.

गुलबानूने खुर्ची मागे सरकवली. अलिबागच्या इस्पितळातल्या या खोलीत मिस्बाह दुर्मिळ आजारांच्या रुग्णांची नोंदणी सांभाळायची. तिचा धाकटा भाऊ फैझान अशाच आजाराने गेला होता. पोराला खाडीवर बाहेरचं काहीतरी लागलं, असं गाव म्हणायचं.

प्रत्येक देशाची नोंदणी आपापल्या शब्दांत. त्यामुळे एकीकडचा रुग्ण दुसरीकडे दिसतच नसे. गेलं वर्षभर मिस्बाह एकेका लक्षणाला सगळीकडे चालेल अशी एकच खूण देत होती. नोंदण्यांची जोडणी झाली आणि फैझानच्या नोंदीशी जगभरातून एकच नोंद जुळली. झांजिबारच्या वासिफ नावाच्या मुलाची. गुलबानूचा पणजा गलबतातून तिकडेच गेला होता, तो परतला नव्हता. हा दोष त्याच्याच रक्तातला का, हे पाहायला डॉक्टरांना गुलबानूचं रक्त हवं होतं. "गेलेल्या पोराच्या मागं नका लागू," म्हणून ती नकार देत आली होती. लेकीच्या आग्रहाने दोन्ही घरांची ही पडद्यावरची भेट तेवढी तिने मान्य केली.

पडदा उजळला. आईशेजारी वासिफ बसला होता. फैझानचंच लांब नाक, तशीच डावीकडे कललेली मान.

मुलाने हात उचलून अंगठा दोनदा हनुवटीला लावला.

"पानी मागतोय तो," गुलबानू पुटपुटली. वाचा गेल्यावर फैझान अस्संच पाणी मागायचा. घराबाहेर ही खूण कुणालाच ठाऊक नव्हती.

तिकडे आईने त्याच्या ओठांना पेला लावला. मग ती काही बोलली. तिच्या बाजूच्या दुभाष्याने सांगितलं, "तुमचा मुलगा आता कसा आहे, असं त्या विचारतायत."

वासिफ टक लावून गुलबानूकडेच पाहत होता, ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसा.

"सांगा तिला," गुलबानू सावकाश म्हणाली, "आमचा फैझान आमच्यापाशीच हाय. आता तेला कसला तरास न्हाय."

कबर घरामागेच होती.

पडदा काळा झाल्यावर ती कुणाची वाट न पाहता प्रयोगशाळेत गेली, बाही वर सारून बसली.

"मावशी, तिकडं बघा, सुई टोचतेय," नर्स म्हणाली.

गुलबानूने मान वळवली नाही. नळीत चढणारं आपलं रक्त ती बघत राहिली.