कोपऱ्यातली खुर्ची

"सर, पलीकडच्या मॅटवर माझी कुस्ती लागतेय. कोपऱ्यात बसाल ना?"

सर सगळ्यात वजनदार गटातल्या पोराच्या गुडघ्याला पट्टी बांधत होते. "तू हो पुढे चिमणे, आलोच मी," ते मान वर न करता म्हणाले.

कॉलेज लहानसं. मुलांचा कुस्तीसंघ सरांनी पोटच्या पोरासारखा वाढवला होता. मुलींचा संघ मागाहून निघाला, तो प्राचार्यांनी "जाता जाता त्यांच्याकडेही बघा" म्हणत सरांच्या गळ्यात मारला. सरही जाता जाताच बघत. मुलांचा सराव आटोपला की घामाने ओली झालेली मॅट पोरींनी पुसायची आणि उरल्या वेळात काय ते शिकायचं. त्यांतली ही एक किडकिडीत पोरगी अशी चिवट निघाली, की सरांनीच तिचं नाव चिमणी ठेवलं. कौतुक म्हणाल तर तेवढंच.

दोन्ही कुस्त्या एकदमच सुरू झाल्या. सर अर्थातच पोराच्या कोपऱ्यात. पोरगा पहिल्यापासून समोरच्याला लोळवत होता, त्याला सरांची काडीची गरज नव्हती. पण जिंकत आलेली कुस्ती सोडवते कुणाला? सर मांडी थोपटत बसून राहिले.

पलीकडे गलका झाला तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. अगदी शेवटी चिमणीने ढाक मारून समोरचीला पाठीवर पाडलं होतं, चांगलं रेषेच्या आत. पंचांनी मात्र बाहेर म्हणून गुण नाकारला. अशा वेळी अपील करायचं ते कोपऱ्यातल्या कोचने, आणि तेही तिथल्या तिथे. खेळणारीने नुसतं बघत राहायचं. चिमणी कोपऱ्याकडे बघत होती आणि खुर्ची रिकामी होती.

सर धावले. पोचेपर्यंत दुसरीचा हात वर झाला होता.

"पंच, आत होत्या दोघी. माझं अपील आहे."

"आता काय उपयोग? इतका वेळ होतात कुठे?"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिमणीने पंचांशी हात मिळवला आणि आपला टॉवेल उचलून निघून गेली.

तिची तिसऱ्या क्रमांकाची कुस्ती अजून बाकी होती. या खेपेला सर पाण्याची बाटली घेऊन आधीच पोचले. पण खुर्चीत दुसऱ्या एका कॉलेजच्या कोचबाई बसल्या होत्या.

"मीच विनंती केली त्यांना, सर," चिमणी म्हणाली. आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "तुमची उगाच धावपळ नको. तिकडे मुलांची फायनल आहे ना?"

"अगं, पण मी..." सरांनी बाटली खुर्चीशेजारी ठेवली.

मुलांच्या फायनलकडे जायला सरांचे पाय उचलेनात. ते प्रेक्षकांत जाऊन बसले. शेजारच्या बाई मुठी आवळून खाली बघत होत्या.

"ती लाल कपड्यातली माझी मुलगी," त्या आपणहून म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच बघतेय मी तिचा खेळ. घरी ऊठसूट सरांचं कौतुक चालतं हो. सरांनी हे शिकवलं, सर असं म्हणाले. पण कोपऱ्यात तर कुणी बाईच बसल्यात. सर कोणते, ठाऊक आहे का तुम्हाला? भेटून दोन शब्द बोलायचे होते."

सरांनी गळ्यातली शिट्टी हळूच शर्टाच्या आत सारली.

"असतील इथेच कुठेतरी," ते म्हणाले.

खाली चिमणीचा हात वर झाला. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या आणि मधूनच गर्दीत सरांना शोधत होत्या.