टाकावरचं नाक

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. गोपिकाच्या लग्नाला एकही आलं नाही, कारण नवरा बिजवर होता, अन् बिजवरानं नाक मुरडायचं नसतं. केशवराव संत्र्याचे व्यापारी, इतवारीत घर. पहिली बायको जयवंता तापात गेली, मागं पाच वर्षांची सुभी ठेवून. पारशिवनीच्या या नकट्या पोरीला आणखी काय पाहिजे होतं?

मांडवातच सासूनं, तुळसाबाईनं, तिच्या गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक बांधला. मेलेल्या सवतीचा मुखवटा तो, अंगठ्याच्या नखाएवढा. आपल्याकडे रीतच आहे, दुसरीनं पहिलीला गळ्यात वागवायचं. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. पहिला घास टाकाला, दुसरा आपल्या तोंडात.

"अन् गळ्यातून कधी काढू नको वं," तुळसाबाई म्हणाली होती. "जागा खाली दिसली का कोणी ना कोणी येऊन बसतेच."

घरात जयवंताचा फोटो नव्हता. सोनारानं टाक घडवला तो सासूच्या सांगण्यावरून, पण नाक असं उतरलं होतं की शेजारणी पाहताक्षणी डोळे पुसत. सरळ, लांब, शेंड्याशी जरासं वाकलेलं.

सासूचं, नवऱ्याचं गोपिकानं निभावलं असतं हो. पण सुभी! ते लेकरू हिच्या हातचं खाई, पण डोळे मिटून. वेणी घालायला घेतली की अंग चोरून घेई. एकदा गोपिकानं तिला जवळ ओढलं तर ती किंचाळली, "तू नकटी आहे! माह्या आईचं नाक लांब होतं. तू माही आई नाही!"

लेकरावर काय रागवायचं? गोपिका चुलीपुढे बसून पोटभर रडली. तिला दुसरं काहीच नको होतं. या पोरीनं एकदा, फक्त एकदा, आपणहून गळ्यात पडावं.

शेजारच्या कुसुमताईनं सांगितलं, धरमपेठेत एक डॉक्टर मुंबईहून शिकून आलाय. चिरफाड नाही, शिवण नाही. सुईनं नाकाच्या दांड्यावर पातळ औषध सोडतो अन् ते घट्ट व्हायच्या आत बोटांनी घडवतो. कसलं औषध ते देव जाणे, पण त्या वर्षी त्याचा बोलबाला होता. केशवराव संत्र्यांचे ट्रक घेऊन कलकत्त्याला गेले, तुळसाबाई सुभीला घेऊन खाप्याला लेकीकडे गेली, अन् गोपिका रिक्षात बसली.

"कसं पाहिजे?" डॉक्टरनं विचारलं. "एखादा फोटो आणलाय?"

फोटो कुठला आणणार? गोपिकानं गळ्यातला टाक सोडला अन् त्याच्या हातावर ठेवला. "असं."

बाई गं, काय केलंस हे! सवतीला जन्मभर गळ्यात वागवतात ते तिनं आपल्या जागी निजून राहावं म्हणून. ही तिला उठवून नाक मागत होती.

डॉक्टरनं टाक भिंगाखाली धरून पाहिला, ट्रेमध्ये ठेवला. सुई टोचली. गोपिकानं डोळे गच्च मिटले. मग नाकावर बोटं फिरू लागली. थंडगार, बारीक बोटं. आतून.

"अरे," डॉक्टर पुटपुटला, "मी तर अजून हात लावला नाही."

त्यानं टाकाकडं पाहिलं, हिच्याकडं पाहिलं अन् घाईघाईनं हात धुतले. "हे काही दिवस ओलं राहील. अंगठ्यानं दाबलं तर बसेल, अगदी पहिल्यासारखं. सांभाळा."

टाक पुन्हा गळ्यात बांधून ती घरी आली. सूज उतरली. आरशात पाहिलं तर नाक कसं देखणं! ती हरखली. मग चहा ठेवला, अन् हातानं वरच्या फळीवरचा, पिठाच्या डब्यामागचा बारका डबा आपसूक काढला. त्यात सुंठ होती. गोपिका सुंठेचा चहा कधी पीत नव्हती, अन् तो डबा तिथं आहे हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं. पुढं पुढं तर टाकाला घास दाखवताना तिकडं पाहायचीच तिला भीती वाटू लागली.

चांगलं ऊन असताना तुळसाबाई खाप्याहून परतली. सुईचं, ओल्या नाकाचं सगळं कुसुमताईनं गल्लीतच तिच्या कानात सांगितलं होतं. दारात पाय ठेवला अन् थैली हातातून सुटली. पण सुभी? ती सुसाट धावत आली अन् गोपिकाच्या गळ्यात पडली.

"आई! तू कवा आली वं?"

गोपिकानं तिला छातीशी आवळलं. काय तो आनंद! त्या केसांचा वास, मानेला पडलेली ती इवल्या हातांची मिठी. पोरगी तिच्या कानाशी लागली.

"आई, थे नकटी गेली नं? तिले आता घरात घेऊ नको."

मिठीत दोघींच्या मधे टाक रुतत होता. गोपिकानं तो बाहेर काढून पाहिला. चांदी तीच, कपाळ तेच. नाक मात्र चपटं, बसकं. अन् डोळे पारशिवनीच्या पोरीचे, भ्यायलेले.

"दाब," तुळसाबाई भिंत धरून कशीबशी म्हणाली. "दाबून टाक वं पोरी, अजून ओलं असंल तर! तू गोपिका आहे नं?"

गोपिकाचा अंगठा नाकावर गेला. ओलंच होतं. अंगठ्याखाली मेणासारखं हललं. एवढं दाबलं की झालं, आपलं तोंड आपल्याला परत. अन् सुभी परत डोळे मिटून जेवेल.

सुभीनं मान तिच्या खांद्यावर टाकली होती. "भूक लागली वं, आई."

अंगठा न दाबताच खाली आला.

"हो बाई, चाल," ती म्हणाली, अन् तो जुना, ओळखीचा आवाज ऐकून तुळसाबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुभीच्या आईनं लेकराला मांडीवर घेतलं, ताट ओढलं, भाकरीचा पहिला घास मोडला अन् रीतीप्रमाणं गळ्यातल्या टाकाच्या चिमुकल्या ओठांना लावला.

"घे वं गोपिके," ती म्हणाली, "आधी तू जेव."