ताईचं शहर

ट्राम चालवायला नव्याने लागलेल्या माणसाला उन्हाळ्यात रजा मिळत नाही. उन्हाळा जुन्या मंडळींचा. नव्यांच्या वाट्याला येतो फेब्रुवारी, जेव्हा कुणी हौसेने कुठे जात नाही. नुकत्याच ट्रामवर लागलेल्या धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. गर्दी कमी, हॉटेलं स्वस्त, आणखी काय पाहिजे? नोकरीतल्या पहिल्याच रजेत ताईला फिरवून आणायचा तिने चंग बांधला आणि जेवणाच्या टेबलावर दोन शहरं मांडली, व्हिएन्ना आणि लिस्बन. निवड ताईने करायची.

ताईला निवडताच येईना. एरवी ही बाई कुणाला ऐकणारी नव्हे. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत ती मुख्य होती, आणि तिच्या हाताखालची माणसं तिला टरकून असत. पण आई गेल्यापासून धाकटीला तिनेच वाढवलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत स्वतःसाठी म्हणून तिने साधी चप्पलसुद्धा रंग बघून घेतली नव्हती.

या घरात वाटणीचा एक नियम होता. एकीने कापायचं, दुसरीने आधी उचलायचं. केक असो की सफरचंद, सुरी कायम ताईच्या हातात. चादरीची घडी सूतभरही न चुकवणारी ताई केक मात्र हटकून वाकडा कापायची, म्हणजे मोठा तुकडा आपसूक धाकटीकडे जायचा. धाकटीला ही चलाखी फार उशिरा कळली, आणि कळल्यावर तिने चांगला आठवडाभर अबोला धरला होता.

आता सुरी धाकटीच्या हातात आली होती आणि तिने चोख कापलं होतं. दोन्हीकडे दिवस सारखे, खर्च सारखा, खोली स्टेशनपासून जवळ. यातला मोठा तुकडा कुठला, म्हणजे धाकटीचं मन कुठे आहे, हे हुडकायला ताईने जंग जंग पछाडलं. धाकटीच्या ट्राम डेपोतल्या मैत्रिणीला गोड बोलून खोदून पाहिलं. त्या मैत्रिणीनेही ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी ताईने आपलं डोकं चालवलं. लिस्बनला म्हणे छोट्या जुन्या ट्राम उभा चढ चढून जातात. ट्राम चालवणाऱ्या पोरीला याहून काय हवं?

"लिस्बन," तिने रविवारी जेवताना सांगून टाकलं.

धाकटीने कारण विचारलं. ताईने ट्रामचं वर्णन सुरू केलं.

"हे माझं कारण झालं," धाकटी म्हणाली. "असं कारण सांग, ज्यात मी नाही."

ताईने समुद्राच्या हवेचा विषय काढला, पण ती हवा धाकटीच्या सर्दीला बरी निघाली. मग तिने एकदम व्हिएन्ना गाठलं. तिथे संगीत असतं आणि आईला संगीताचं वेड होतं.

"ज्यात आईही नाही."

आता मात्र ताईचं डोकं फिरलं. ती तरातरा उठली आणि भांडी घासायला लागली. धाकटी मागोमाग आली आणि तिने नळ बंद केला.

"उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही," ती शांतपणे म्हणाली.

हा सूर ताईच्या ओळखीचा होता. गणितं सोडवून घेताना ती स्वतः याच सुरात बोलायची. खरं तर तिने आणखी चिडायला हवं होतं, पण तिचा ऊर भरून आला. शाळेच्या दारात आपला हात सोडायला तयार नसलेली ही पोर आता भरलेली ट्राम ऐन गर्दीतून नेते, आणि वर आपल्यालाही दटावते. हिला मी घडवलं, ताईला वाटलं, आणि काय झकास घडवलं!

तिने हात पुसले. मग जे कधी कुणाला बोलली नव्हती ते बोलली.

"मी रोज टेबलक्लॉथना इस्त्री करते. त्या टेबलांशी लोक एवढा वेळ बसून काय करतात, ते मला माहीत नाही. व्हिएन्नात म्हणे एका कॉफीवर कितीही वेळ बसू देतात. मला तसं बसायचंय. कुणाची वाट न बघता, घरी जाऊन काय करायचंय ते न आठवता. नुसतं बसायचंय."

धाकटी टेबलाशी परतली. तिने लॅपटॉप उघडला, व्हिएन्ना निवडलं आणि मध्येच थांबली.

"मग तिकीट एक काढू की दोन?"

ती थट्टा करत नव्हती. ताईच्या काळजात क्षणभर कळ उठली. ही आपल्याला एकटं पाठवायला निघाली? मग तिने धाकटीकडे नीट पाहिलं. घर, स्वयंपाक, नोकरी, ही सगळं एकटीने निभावेल. हिला आपली गरज उरलेली नाही, आणि तरीही आपल्याला हवं ते मिळावं म्हणून ही हट्टाला पेटली आहे. धाकटी पहिल्यांदा युनिफॉर्म घालून समोर उभी राहिली, त्या दिवशीही ताईला एवढा अभिमान वाटला नव्हता.

"दोन काढ," ती म्हणाली. "पण कॉफी प्यायला तू दुसऱ्या टेबलावर बसायचं."