धोंड्याच्या महिन्यातली सभा

कारखान्यांतल्या कामगारांची नशेची तपासणी करणारे सातारा-सांगलीकडचे आम्ही तेरा लॅबवाले. आम्ही मिळून एक संघ काढला होता. लेटरहेडवर नाव छापून घ्यायला सगळे पुढे. सभा म्हटली की एकाच्या घरी वास्तुशांत, दुसऱ्याची गाडी बंद. सेक्रेटरी मी, शरयू, त्यामुळे सतरंजी घालायची मीच आणि उचलायचीही मीच. सांगलीकरांना सातारा लांब, सातारकरांना सांगली लांब, म्हणून मधे उंब्रजला कुतुबुद्दीनच्या लॅबवर सभा ठेवायला लागले, तर दोघांनाही उंब्रज लांब झालं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, धोंड्याच्या महिन्यात, नाथाजी माझ्याकडे आला. साताऱ्याच्या एमआयडीसीत तो क्रेन चालवायचा. त्याच्या लघवीत अफू निघाली होती, आणि तपासणी केली होती खुद्द आमच्या अध्यक्षांनी, तात्यांनी. तात्या फौजेच्या इस्पितळात लॅब सांभाळून निवृत्त झालेले. दारू सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात टाकत नसत. त्यांचा अहवाल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ताई, मी तंबाकूबी खात न्हाई," नाथाजी म्हणाला. "सासुरवाडीला वाण घ्यायला गेलतो. अनारसं खाल्लं, दुसरं काय न्हाई. सोमवारी कामावरनं काढत्यात मला."

अनारशावर खसखस असते आणि खसखस म्हणजे अफूचंच बी, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ते तपासणीच्या पट्टीवर उमटतं का, हे आम्हा तेराजणांत कुणी करून पाहिलं नव्हतं. मी तात्यांना फोन केला.

"खसखशीनं नशा झाली असती, तर समदे जावई झिंगत घरी गेले असते," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

अहवाल फिरवायचा तर संघाचा ठराव हवा, आणि ठरावाला निम्म्याहून जास्त सभासद हवेत. तेवढे आमचे कधी एका छपराखाली आले नव्हते. नाथाजीची बायको पहिलटकरीण होती. त्याची मला काळजी वाटत होती आणि सभासदांचा संताप येत होता.

सगळ्यांना फोन केले. सांगलीच्या हंबीररावांनी विचारलं, "विषय काय?" विषय सांगितला असता तर त्यांच्या गाडीचं चाक नक्की बसलं असतं. मी म्हटलं, "उंब्रजच्या हरणाबाई घरच्या तुपातले अनारसे आणतायत."

रविवारी नऊजण आले. हसावं की रडावं, मला कळेना.

हरणाबाई म्हणजे नाथाजीची सासू. तिने डबा उघडला आणि आग्रह सुरू केला. "खावा वो. एकानं काय हुतंय?" तात्या नको नको म्हणत होते, तर त्यांना म्हणाली, "आवं, तुमी बी कुणाचं तरी जावईच की." तात्यांनी चांगले चार खाल्ले. कुतुबुद्दीनला साखरेचा आजार, तो बिचारा तेवढा बिनसाखरेच्या चहावर राहिला.

डबा रिकामा झाल्यावर मी टेबलावर रिकाम्या बाटल्या मांडल्या आणि नाथाजीची सगळी हकिगत सांगितली. "आता संध्याकाळपर्यंत कुणी हलायचं नाही. जाताना प्रत्येकाने आपली बाटली भरून द्यायची."

"ही फसवणूक झाली, शरयूताई," हंबीरराव म्हणाले.

"झाली. आणि ती तुपातली होती."

तात्या उठले. ते निघून जाणार असंच मला वाटलं. पण त्यांनी एक बाटली उचलली, तिच्यावर आपलं नाव लिहिलं आणि पुन्हा जागेवर बसले. "फौजेत दुसऱ्याला सांगायच्या आधी आमी सोता करून दाखवायचो," एवढंच म्हणाले.

दुपार पंख्याखाली गेली. बसून बसून माणसं बोलायला लागली. हंबीररावांच्या पट्ट्या उन्हात खराब होतात, हे त्यांनी पहिल्यांदा सांगितलं. कुतुबुद्दीन म्हणाला, पुण्याहून माल आला की माझ्या फ्रिजमधे उतरवा, हायवेवरच तर आहे. संघ म्हणतात तो हाच असावा, असं वाटून मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी बाटल्यांत पट्ट्या बुडवल्या. दोन रेघा आल्या तर माणूस चोख, एकच आली तर अफू. कुतुबुद्दीनच्या पट्टीवर दोन आल्या. हंबीररावांच्या पट्टीवर एकच. तात्यांच्या पट्टीवरही एकच. त्यांनी चष्मा पुसला, नवी पट्टी घेतली, पुन्हा बुडवली. दुसरी रेघ काही येईना.

ठराव एकमताने झाला. नाथाजीचा अहवाल रद्द, पुढची तपासणी खाण्याची चौकशी करूनच. सोमवारी सकाळी पत्र घेऊन कारखान्यात जायचं मी कबूल केलं. दिवसभर दाराबाहेर थांबलेल्या नाथाजीला मी आत बोलावून ठराव वाचून दाखवला, तसा तो भिंतीला टेकून खालीच बसला. हरणाबाईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

तात्या मात्र पट्टी हातात धरून होते. "दिवाळीत एक अर्जुना म्हणून आला हुता. त्याच कारखान्यातला डायवर," ते म्हणाले. "त्यो बी अनारशाचंच सांगत हुता. मी दारातनं हाकलला त्याला. आता कराडच्या स्टँडवर हमाली करतोय."

त्या अर्जुनाचा अर्ज मला नीट आठवत होता. अहवाल चुकीचा आहे, एवढीच एक ओळ त्यात होती. त्यासाठी बोलावलेल्या सभेला मी आणि कुतुबुद्दीन दोघंच बसलो होतो आणि चहा पिऊन उठलो होतो.

हरणाबाईने डब्याचं झाकण लावता लावता विचारलं, "मग त्या गड्यासाठी न्हाई का वो भरवली तुमी सभा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तात्यांकडे पाहिलं.

"बोलावली हुती, बाई," तात्या म्हणाले. "आमीच आलो न्हाई."