मनकर्णाचे सात किलो

पाच महिन्यांत मनकर्णाचं वजन सात किलोनं उतरलं, आणि त्यापायी अमृतचे पुढचे दोन दात पडले.

कोल्हारच्या अलीकडच्या एका गावात सकाळी टपरीवर चहा चालला होता. मनकर्णाचा मुलगा कानिफनाथ गाडी लावून आला. सोसायटीच्या निवडणुकीला तो उभा राहणार हे गावाला ठाऊक होतं. अमृत त्याच्याच वर्गातला, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "काय कानिफशेठ, आईला जेवाय घालता का न्हाई? म्हातारी निम्मी झाली की! ऊस तर लई जोरात हाय तुमचा."

चार माणसं हसली. कानिफनं हातातला काचेचा ग्लास तसाच अमृतच्या तोंडावर हाणला. अमृत बाकावरून मागं कलंडला, तर हा त्याच्या छातीवर बसला. लोकांनी ओढून काढेपर्यंत त्याची मूठ थांबली नाही. टपरीच्या फरशीवर चहा आणि रक्त एक झालं.

खरं तर म्हातारीला कुणी उपाशी ठेवलं नव्हतं. सदुसष्टाव्या वर्षी ती एक्क्याण्णव किलोची झाली होती. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, खाली बसलं तर उठवायला दोन माणसं लागायची. गावच्या उपकेंद्रात निकिता नावाची तरुण आरोग्य अधिकारी आली होती, अकोले तालुक्यातली. दर मंगळवारी ती साठीपुढच्यांना बोलवायची, काट्यावर उभं करायची आणि मग नुसती गप्पा मारत बसायची. मनकर्णाला तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, काय खाता ते राहू द्या. कधी खाता ते सांगा."

मनकर्णाला लिहिता येत नव्हतं. निकितानं वही दिली आणि सांगितलं, फरसाणाचा डबा उघडला की त्या दिवसाच्या चौकटीत एक रेघ ओढायची. दोन आठवड्यांनी दोघी वही घेऊन बसल्या. एका चौकटीत दोनच रेघा, दुसरीत नऊ.

"या दिवशी काय झालं होतं, आजी?"

मनकर्णा बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. "कानिफ वरडत हुता. ताट फेकलं हुतं."

"आणि या दिवशी?"

"त्या दिवशी बी."

मग तिनं जे कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "माझा मालक मारायचा, मॅडम. कधी पट्ट्यानं, कधी हाताला लागंल त्यानं. मार खाल्ला की मी चुलीपाशी बसून गूळ खायची. तोंड गोड झालं की रडू थांबायचं. मालक गेला, पन सवय गेली न्हाई."

निकिता तिला रागावली नाही, तिनं गोळीही दिली नाही. म्हणाली, "हात डब्याकडे गेला की उठायचं आणि गोठ्याला फेऱ्या घालायच्या. भीती उतरली आणि तरी भूक असली, तर पोटभर जेवायचं. उपाशी राहायचं नाही. या वयात उपाशी राहिलात तर पायातली ताकद जाईल." रोज एक अंडं, वाटीभर डाळ, आणि खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठायचं. मनकर्णानं ते इमानानं केलं. पाचव्या महिन्यात काटा चौऱ्याऐंशीवर आला. ती एकटी उठू लागली, बसू लागली, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ लागली.

टपरीवरून कानिफ थेट घरी आला. त्याच्या बोटांवरचं रक्त वाळलं नव्हतं. मनकर्णा ओसरीवर खुर्चीत बसून लसूण सोलत होती.

"गावात माझी इज्जत काढतीस व्हय?" त्यानं आत जाऊन पेढ्यांचं खोकं आणलं. "खा."

"बाळा, मला साखर हाय..."

"खा म्हनतो ना!"

त्यानं एका हातानं तिचा जबडा धरला आणि दुसऱ्या हातानं पेढा आत कोंबला. मग दुसरा. मग तिसरा. मनकर्णाला श्वास घेता येईना. तिच्या दातांवर त्याची बोटं आपटली, ओठ फाटला. डोळ्यांपुढं अंधारी आली तशी तिनं मान झटकली आणि ती सगळं त्याच्या सदऱ्यावर ओकली. सून सत्यशीला दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती पुढं झाली नाही. तिच्याही दंडावर जुने निळे डाग होते.

मंगळवारी मनकर्णा सुजलेल्या ओठानं उपकेंद्रात गेली. निकितानं तोंड तपासलं, विचारलं, आणि या वेळी मनकर्णानं लपवलं नाही.

"मी त्यांच्याशी बोलू का? समजावून सांगते, आजी. घरच्यांना कळलं की बरंच सोपं होतं."

"नको पोरी. त्यो बोलन्यातला न्हाई."

पण निकिता पंचवीस वर्षांची होती, आणि माणूस समजावल्यावर समजतो यावर तिचा विश्वास होता. तिनं फोन लावला. शांतपणे म्हणाली, "तुमच्या आईंना मार लागलाय. तुम्ही एकदा भेटायला या."

दहा मिनिटांत कानिफ आला. आत येताच त्यानं वजनकाटा उचलून भिंतीवर फेकला. काचा सगळ्या खोलीत उडाल्या.

"माझ्या आईला माझ्याविरुद्ध भरवतीस काय?"

"तुम्ही बसा आधी," निकिता म्हणाली. ती मागं सरली नाही.

त्यानं लाकडी स्टूल उचललं. निकितानं डोकं वाचवायला हात वर केला, आणि हाड मोडल्याचा आवाज मनकर्णानं अगदी स्पष्ट ऐकला. पोरगी टेबलाखाली कोसळली. त्यानं तिला पोटात लाथ घातली. पुन्हा घातली. उपकेंद्रातली आशाताई ओरडत बाहेर पळाली. मनकर्णा मध्ये पडली, तर त्यानं तिला कोपरानं ढकललं. ती कपाटावर आदळली. तिच्या हाताला सलाईन लावायचा लोखंडी स्टँड लागला.

तो तिनं दोन्ही हातांनी उचलला आणि पोराच्या खांद्यावर घातला.

कानिफ गर्रकन वळला. "आये?" एवढंच म्हणाला. तिनं दुसरा घातला. तो गुडघ्यावर आला. तिसरा, चौथा. आता समोर कानिफ नव्हता. तोच तांबारलेला डोळा, तीच मान, चाळीस वर्षांमागचा त्याचा बाप. ती मारत राहिली, तोंडानं काहीतरी ओरडत राहिली. आशाताई माणसं घेऊन आली आणि त्यांनी तिच्या मुठीतून स्टँड सोडवला. तेव्हा कानिफ लहान मुलासारखा हुंदके देत होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड बाहेर आलं होतं. मनकर्णा जमिनीवर बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घ्यायला गेली. तो सरपटत लांब झाला.

संध्याकाळपर्यंत भावकी दवाखान्यात जमली. सगळ्यांचं मनकर्णाला एकच म्हणणं, मॅडम पाय घसरून पडली असं सांग. पोरगं तुरुंगात गेलं तर निवडणूक गेली, घर गेलं. सत्यशीला कोपऱ्यात उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आत्याबाई काय सांगतील ते." आणि दुसऱ्या दिवशी लेकरांना घेऊन माहेरी निघून गेली.

फौजदार जबाब घ्यायला आला. मनकर्णानं सगळं सांगितलं. पेढे, स्टूल, लाथा. मग म्हणाली, "आता माझं लिवा. मी त्याला चार घातले. जास्त बी असतील."

"आजी, असं सांगितलंत तर गुन्हा तुमच्यावरही होईल."

"व्हऊ द्या. खोटं कशापायी लिवता?"

कानिफ तीन आठवड्यांनी जामिनावर सुटला आणि मळ्यातल्या घरात राहू लागला. आईच्या दारावरून जाताना तो मान वर करत नसे. मनकर्णा घरात एकटी राहिली. ओरडणारं कुणी उरलं नाही, तरी डब्याचं झाकण पुन्हा वाजू लागलं. काही दिवस तर ती ताट घेऊन बसली की उठतच नसे.

दिवाळीनंतर ती दोन बस बदलून अकोल्याच्या पुढं निकिताच्या गावाला गेली. दार निकिताच्या आईनं उघडलं. नाव कळताच तिचा चेहरा काळवंडला.

"कशाला आलात? तुमच्या पोरानं माझ्या लेकीच्या हातात लोखंडाची पट्टी घालायची वेळ आणली. झोपेत किंचाळती ती अजून."

मनकर्णा उंबऱ्याबाहेर उभी राहिली. बाई बोलत होती तोवर तिनं मान खाली घातली नाही आणि उलट शब्दही काढला नाही. आतून निकिता आली. वाळली होती. उजवी मूठ नीट वळत नव्हती.

"आजी, मी त्या गावात परत येणार नाही. बदली मागितलीय."

"येऊ नको. मी म्हनायला आलेच न्हाई तसं."

"मग?"

"पुढच्या म्हैन्यात तारीख हाय. कानिफचा वकील म्हनतो, म्हातारी साक्षीत उलटंल. मी उलटनार न्हाई, एवढं तोंडानं सांगाय आले."

निकिताची आई मध्येच म्हणाली, "पोटच्या पोराविरुद्ध उभं राहाल?"

"त्याच्या बापाविरुद्ध न्हाई राहिले," मनकर्णा म्हणाली. "त्यो त्येच बघत बघत मोठा झाला."

निकितानं डाव्या हातानं खुर्ची ओढली आणि उंबऱ्याच्या आत ठेवली.